अंगावर पित्त की पोटात पित्त? अन्नाची ॲलर्जी आणि ‘न सोसणं’ ओळखायची आणि सांभाळायची पद्धत

‘मॅडम, शेंगदाणे खाल्ले की मला पित्त होतं.’ ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य दर आठवड्याला कुणी ना कुणी म्हणतंच. मी लगेच विचारते, पित्त म्हणजे नेमकं काय होतं? एकीच्या छातीत जळजळतं, आंबट ढेकर येतात. दुसरीचं डोकं ठणकतं आणि उलटी झाली की बरं वाटतं. तिसरीच्या अंगावर पाच मिनिटांत लालसर गांधी उठतात, ओठ जड होतात. आपल्या बोलण्यात तिन्हींना एकच शब्द. पहिली दोन दुखणी त्रासाची आहेत, तिसरं मात्र जिवावर बेतू शकतं.

मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही. पण निदानाच्या आधी आणि नंतर घरात काय करायचं, हे सांगण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मला रोज दोन टोकं दिसतात. एकीकडे काहीही सिद्ध झालेलं नसताना दूध, गहू, अंडी, डाळी सगळं बंद करून सुकत चाललेली मुलं. दुसरीकडे खरीखुरी ॲलर्जी असलेल्या मुलीला ‘एका दाण्याने काय होतंय’ म्हणून लाडू भरवणारी प्रेमळ माणसं. माझं सांगणं दोघांनाही आहे. ताटातून काही काढण्याआधी ते सिद्ध करा आणि एकदा सिद्ध झालं की कणभरही तडजोड करू नका.

घोडबंदर रोडवर राहणारी एक आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. हातात रंगीत तक्ता, त्यात नव्वदच्या वर पदार्थ, त्यातले तीसेक लाल रंगात. चार महिने तो मुलगा भात, मुगाची डाळ आणि दुधी एवढ्यावर होता. वजन घटलं होतं, शाळेत डबा उघडताना रडायचा. त्याला नक्की काय झालं होतं, ते पुढे सांगते.

पायरी १ : आधी त्रासाला नीट नाव द्या

अन्नामुळे होणारे त्रास ढोबळमानाने तीन घरांत बसतात.

पहिलं घर खऱ्या ॲलर्जीचं. इथे शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार ठेवते. ते प्रथिन पुन्हा पोटात गेलं की त्वचा, श्वासनलिका, आतडी यांतल्या पेशी हिस्टामीन आणि इतर रसायनं एकदम सोडतात. त्रास काही मिनिटांत, फार तर दोन तासांत सुरू होतो. पदार्थ थोडासा असला तरी पुरतो आणि बहुतेक वेळा, जेव्हा खाल तेव्हा होतो. गांधी, ओठ-पापण्या सुजणं, घशात खाज, उलट्या, खोकला, धाप ही त्याची लक्षणं.

हे रक्तातल्या कशामुळे तरी होतं, हे पहिल्यांदा कळलं ते मासे न चालणाऱ्या एका माणसामुळे. जर्मन डॉक्टर हाइन्झ क्यूस्टनर यांना मासे खाल्ले की अंगावर उठायचं. १९२१ साली कार्ल प्राउसनिट्झ यांनी क्यूस्टनरांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला, नंतर तिथेच माशाचा अर्क टोचला. प्राउसनिट्झ मासे आरामात खात असत, तरी त्या जागी गांध उठली. त्या ‘कशाला तरी’ आयजीई हे नाव मिळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं.

दुसरं घर न सोसण्याचं. इथे संरक्षण यंत्रणेचा संबंध नसतो. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लागणारं लॅक्टेज हे विकर आतड्यात कमी पडतं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जीवाणू ती आंबवतात, वायू धरतो, पोट फुगतं, ढाळ होतात. त्रास प्रमाणावर ठरतो. चहातलं दूध चालतं, पेलाभर दूध चालत नाही. जगातल्या बहुसंख्य प्रौढांमध्ये लॅक्टेज लहानपणापेक्षा कमी झालेलं असतं, त्यामुळे हा आजार म्हणण्यापेक्षा माणसाची नेहमीची घडण आहे. ‘हरभरा मला वातुळ पडतो’ असं आजी म्हणते ती तक्रारही बहुधा याच घरातली.

तिसरं घर सीलिएक या आजाराचं. त्यात गहू, जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला चढवतं. ही ॲलर्जीही नाही आणि नुसतं न सोसणंही नाही. उत्तर भारतात शंभरात एकाच्या आसपास माणसांना तो असतो, दक्षिणेत त्याच्या कितीतरी कमी. जुलाब, न वाढणारं मूल, औषध घेऊनही न भरून येणारं हिमोग्लोबिन अशी त्याची रूपं असतात. काहींना पोटाची तक्रारच नसते.

थांबा, हे आधी वाचा

अन्न खाल्ल्यानंतर श्वास घ्यायला त्रास, आवाज घोगरा होणं, चक्कर, मूल एकदम मलूल पडणं, किंवा गांधींबरोबर वारंवार उलट्या असं काही झालं तर ती आणीबाणी आहे. यावर पहिलं आणि खरं औषध एकच, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. सेटिरिझिनसारख्या गोळीने खाज थांबते, बंद होत चाललेला श्वास उघडत नाही. गोळी देऊन ‘बघू जरा वेळ’ म्हणण्यात गेलेली वीस मिनिटं परत मिळत नाहीत.

१०८ ला फोन करा. माणसाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. धाप लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, जिन्याने चालवत नेऊ नका. बरं वाटलं तरी रुग्णालयात काही तास देखरेखीखाली राहायचं, कारण काही जणांना लाट ओसरल्यावर पुन्हा येते.

परदेशात मिळतात तशी आपोआप टोचणारी ॲड्रेनालिनची पेनं आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळत नाहीत. म्हणून ज्यांना एकदा अशी गंभीर ॲलर्जी आली आहे त्यांनी डॉक्टरांकडून लेखी योजना घ्यायलाच हवी. घरी ॲड्रेनालिन ठेवायचं का, कोणी टोचायचं, वजनाप्रमाणे किती, हे सगळं हाताने शिकून घ्या. आणि संध्याकाळी सात वाजता घोडबंदरची वाहतूक कशी असते हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा आपल्या बाजूचं चोवीस तास अपघात विभाग चालू असलेलं रुग्णालय कोणतं, हे आजच बघून ठेवा.

पायरी २ : दोन आठवड्यांची वही

साधी शंभर पानी वही पुरते. काय खाल्लं, किती, किती वाजता; त्रास काय, किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला. गांधींचा मोबाइलवर फोटो काढा. डॉक्टरांकडे जाईपर्यंत त्या मावळतात आणि मग सांगायला काही उरत नाही. पाकिटातलं खाल्लं असेल तर मागच्या बाजूचाही फोटो ठेवा.

खाण्याबरोबर आणखी काय घडलं तेही लिहा. ताप होता का, दुखण्याची गोळी घेतली होती का, व्यायाम केला होता का. काही जणांना पोळी खाऊन काहीच होत नाही आणि धावून आल्यावरही काही होत नाही. पण पोळी खाऊन तासाभरात उपवन तलावाभोवती धावले की अंगभर गांधी उठतात आणि भोवळ येते. गव्हातल्या एका विशिष्ट प्रथिनाची ही ॲलर्जी बहुधा व्यायामाच्या जोडीने बाहेर पडते. वही नसती तर ही जोडी कोणाच्या ध्यानात आली असती?

मासळीच्या बाबतीत वही विशेष नीट लिहा. आमच्या ठाण्यात चेंदणी कोळीवाडा आहे, पलीकडे नवी मुंबईत दिवाळे आहे. इथे मासे बारा महिने ताटात असतात आणि ‘मला मासे चालत नाहीत’ या एका वाक्याखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

कोळंबी, चिंबोरी, शेवंड यांच्या ॲलर्जीचं मुख्य कारण ट्रोपोमायोसिन हे प्रथिन. ते उकळून-तळून मोडत नाही. घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांत आणि झुरळांतही त्याचं भावंड असतं, म्हणून धुळीची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तात कोळंबीची चाचणीही कधी कधी उगाच पॉझिटिव्ह येते. पापलेट, सुरमई, बोंबील यांच्यातलं प्रथिन वेगळं, पार्व्हाल्ब्युमिन. कोळंबी न चालणाऱ्याला बोंबील बहुधा चालतो. डॉक्टरांशी बोलून खात्री करा, पण एकासाठी दोन्ही सोडू नका. मात्र जवळा ही कोळंबीचीच जात आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वांग्यात मूठभर सुका जवळा, चटणीत सुकट, भातात सोडे. घरात ‘आज मासे नाहीत’ म्हणतात आणि ताटात कोळंबी असते.

तिसरी गोष्ट बांगड्याची. बांगडा, कुपा यांसारखे मासे बर्फाविना उन्हात राहिले की त्यांच्यात जीवाणू हिस्टामीन तयार करतात. शिजवूनही ते जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लालबुंद, डोकं ठणकणं, अंगाची आग. दिसायला हुबेहूब ॲलर्जी, पण ही विषबाधा असते. खूण म्हणजे, त्याच ताटातलं खाल्लेल्या आणखी कोणाला तरी तेच होतं, आणि ताजा बांगडा त्या माणसाला बिनतक्रार चालतो. अशा एका प्रसंगामुळे पंधरा वर्षं बांगडा न खाल्लेले एक काका माझ्याकडे आले होते. ॲलर्जीतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ताजा बांगडा त्यांना काहीही न होता पचला.

मे महिन्यातलं आणखी एक. आंबा खाऊन ओठांभोवती पुरळ येतं, तेही एक-दोन दिवसांनी, तेव्हा दोष बहुतेक वेळा गराचा नसून साल आणि देठाकडच्या चिकाचा असतो. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो ते आपल्याला माहीत आहे, हा त्याचाच सौम्य प्रकार. देठ कापून, धुऊन, साल काढून फोडी खा. फोड खाल्ल्यावर लगेच घसा खाजला किंवा सूज आली तर मात्र प्रकरण वेगळं, मग पहिल्या घरात जा.

पायरी ३ : तपासणी कोणती, आणि कोणती नाही

इथे सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त अन्न वाया जातं, म्हणून जरा थांबून बोलते.

ॲलर्जीचा संशय असेल तर दोन चाचण्या कामाच्या: त्वचेवर थेंब ठेवून केलेली टोचणी चाचणी आणि रक्तातल्या त्या त्या पदार्थाविरुद्धच्या आयजीईची चाचणी. टोचणी चाचणीच्या आधी साधारण आठवडाभर सेटिरिझिनसारखी औषधं बंद ठेवावी लागतात, तेव्हा फोनवर विचारूनच जा. दोन्ही चाचण्या फक्त वहीत ज्याच्यावर संशय आहे त्याच पदार्थांसाठी करायच्या. ‘सगळंच एकदा बघून टाकू’ म्हणून शंभर पदार्थांचं पॅकेज घेतलं की गोंधळ ठरलेला.

कारण रक्तात आयजीई असणं म्हणजे ॲलर्जी असणं नव्हे. याचा उत्तम पुरावा आपल्याच शेजारचा, कर्नाटकातला आहे. तिथे प्रौढांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं. पण लक्षणं आणि चाचणी दोन्ही जुळून खरी ॲलर्जी असावी असं म्हणता आलं ते अवघ्या १.२ टक्क्यांबाबत. म्हणजे नुसत्या रिपोर्टवर गेलो असतो तर चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या वीसपैकी साधारण एकोणीस माणसांचं अन्न विनाकारण बंद झालं असतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह असला आणि तो पदार्थ तुम्ही आजवर निर्धास्त खात आला असाल, तर खात राहा आणि डॉक्टरांना तसं सांगा. उगाच महिनोन्‌महिने बंद केल्याने काही मुलांमध्ये नसलेली ॲलर्जी उभी राहू शकते.

आता आयजीजी. ‘फूड इनटॉलरन्स टेस्ट’ या नावाने रंगीत तक्त्यासह विकली जाते ती बहुधा हीच. आयजीजी प्रतिपिंडं फक्त एवढंच सांगतात की हा पदार्थ तुम्ही खाता. रोज पोळी खाणाऱ्याच्या रक्तात गव्हाविरुद्धचं आयजीजी असणारच. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच स्पष्ट सांगितलं की अन्न न सोसण्याच्या निदानासाठी ही चाचणी करू नये. केसांवरून, नाडीवरून, हातात बाटली धरून केलेल्या चाचण्यांनाही आधार नाही. घोडबंदरच्या त्या मुलाचा तक्ता आयजीजीचाच होता.

लॅक्टोजसाठी श्वासाची चाचणी असते. लॅक्टोजचं पाणी पाजून दर थोड्या वेळाने फुंकर घ्यायला लावतात आणि श्वासातला हायड्रोजन मोजतात. उपयोगी आहे, पण पुष्कळांना पुढच्या पायरीतल्या घरगुती पद्धतीने तिच्यावाचून भागतं.

सीलिएकसाठी टीटीजी आयजीए ही रक्ताची चाचणी, सोबत एकूण आयजीए, आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा. यातली मोठी चूक म्हणजे चाचणीच्या आधीच गहू सोडणं. गहू सोडला की आतडं सुधारायला लागतं आणि चाचणी खोटी निर्दोष येते. मग डॉक्टरांना पुन्हा काही आठवडे गहू खायला लावावा लागतो, आणि त्रासातून सुटलेलं माणूस त्याला तयार होत नाही. ‘बंद करून बघू, बरं वाटलं तर तेच कारण’ ही युक्ती गव्हाच्या बाबतीत कृपा करून वापरू नका.

पायरी ४ : वगळा, पण परत आणा

ही पायरी फक्त दुसऱ्या घरासाठी, म्हणजे पोटाच्या तक्रारींसाठी. गांधी, सूज, धाप यांचा इतिहास असेल तर घरी ‘थोडंसं देऊन बघू’ हा प्रयोग अजिबात नको. तो रुग्णालयात, तज्ज्ञांसमोर, वाढत्या मात्रेने करतात. निदानाची शेवटची आणि सर्वांत भरवशाची कसोटी तीच आहे.

लॅक्टोजचा संशय असेल तर दोन आठवडे दूध, खवा, पेढे, आइस्क्रीम, दुधाची पावडर घातलेली बिस्किटं बंद. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी नसल्यामुळे तुपाला बंदी घालण्याचं कारण नाही. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर लॅक्टोज दोषी नाही, दूध सुरू करा. फरक पडला तर तीन-तीन दिवसांच्या टप्प्यांनी परत आणा. आधी जेवणात ताक, मग वाटीभर घरचं दही, मग पनीर, मग जेवणाबरोबर अर्धा पेला दूध. दह्यातले जीवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात आणि उरलेला पोटात पचवायला मदत करतात. न सोसणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक पेला दूध, फारसा त्रास न होता चालतं असं अभ्यास सांगतात. म्हशीचं किंवा बकरीचं दूध घेऊन काही साधत नाही, लॅक्टोज त्यांतही आहेच. आणि गाईच्या दुधाची खरी ॲलर्जी असेल तर बकरीचं दूध धोक्याचं, कारण दोन्हींची प्रथिनं इतकी सारखी आहेत की दहातल्या नऊ जणांना त्यानेही त्रास होतो.

घोडबंदरच्या त्या मुलाला लॅक्टोजच सोसेनासं झालं होतं. जुलाबाच्या साथीत आतड्याचं अस्तर खरवडलं गेलं, लॅक्टेज तात्पुरतं कमी झालं, दूध प्यायल्यावर पोट दुखू लागलं. मुलांमध्ये असं नेहमी होतं आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतं. बालरोगतज्ज्ञांनी तपासून संमती दिल्यावर आम्ही एकेक पदार्थ परत आणला: पोळी, अंडं, ताक, तूरडाळ. दूध सर्वांत शेवटी. एकाही पदार्थाने काही झालं नाही.

‘गहू सोडल्यावर पोट हलकं वाटतं’ असं म्हणणारे पुष्कळ असतात आणि ते खोटं बोलत नाहीत. पण २०१३ साली मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या गटाने अशाच ३७ लोकांवर प्रयोग केला. आधी आहारातल्या आंबणाऱ्या साखरा कमी केल्या, मग कोणाला कळू न देता ग्लूटेन दिलं. ग्लूटेनने विशेष काही बिघडलं नाही. २०१८ साली नॉर्वेमध्ये ५९ लोकांना ग्लूटेन आणि फ्रुक्टॅन ही आंबणारी साखर वेगवेगळ्या वेळी दिली, तर जास्त त्रास फ्रुक्टॅनने झाला. फ्रुक्टॅन गव्हात असतं तसं कांद्यात आणि लसणातही असतं. सीलिएक नसेल आणि पोट सतत फुगत असेल, तर पोळीच्या आधी कांदा-लसणाच्या वाटणाकडे बघा. चार आठवडे कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले कमी करून पाहायचं आणि मग एकेक परत आणायचं. परत आणण्याचा भाग लोक टाळतात, आणि कांद्यावाचून वर्षं काढतात. उसळीचं कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं की वायू धरणाऱ्या साखरांचा बराच भाग जातो. ही रीत आपल्याकडे जुनीच आहे.

पायरी ५ : सिद्ध झालं, आता स्वयंपाकघर

शेंगदाण्याची ॲलर्जी मराठी घरात सांभाळणं फार कठीण आहे, आणि ते मी आयांना पहिल्याच दिवशी सांगते. दाण्याचं कूट आपल्याला जिन्नस वाटतच नाही, मिठासारखं ते हाताला लागलेलं असतं. कोशिंबीर, भरली वांगी, अळूचं फदफदं, साबुदाण्याची खिचडी, वरीबरोबरची आमटी. म्हणून कोणाकडे जेवायला गेल्यावर ‘यात शेंगदाणे आहेत का?’ असं विचारू नका. उत्तर ‘नाही गं’ येतं, कारण अख्खे दाणे नसतात. ‘आत्या, कूट घातलंय का? चटणी कशाची आहे? तेल घाण्याचं आहे का?’ असं विचारा. घाण्याच्या तेलात दाण्याचं प्रथिन राहतं. कुटाचं मिक्सरचं भांडं, डबा, चमचा घरातून काढूनच टाका. नुसतं धुऊन वापरण्यावर माझा विश्वास नाही, झाकणाच्या रबराखाली कूट बसतं.

सीलिएकच्या घरात उलट चित्र असतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा सगळं चालतं, उपवासाचं ताट त्यांना सणासारखं. धोका लपलेला असतो तो तीन ठिकाणी. एक, हिंग. बांधणीच्या हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, म्हणून तांदळाच्या पिठात बांधलेला किंवा शुद्ध हिंगच घ्या. दोन, थालीपिठाची भाजणी, तीत गहू असतोच. तीन, गिरणी. गव्हावर ज्वारी दळली की भाकरी ग्लूटेनची झाली. शक्य असेल तर घरघंटी घ्या आणि तीत गहू कधीच घालू नका. नाहीतर धान्य निवडून-धुऊन घरच्या मिक्सरवर दळा. भाकरी थापताना हाताला गव्हाचं पीठ लावायची सवयही मोडा.

पाकिटांवर काय लिहायचं याचे एफएसएसएआयचे, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०२० चे नियम आहेत. ग्लूटेनयुक्त धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, तसंच किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट यांचा वेगळा उल्लेख करावाच लागतो. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. या यादीत तीळ आणि मोहरी नाहीत. युरोपात दोन्ही सक्तीच्या आहेत, अमेरिकेत २०२३ पासून तीळ आहेत. आपल्याकडे तिळाची ॲलर्जी असलेल्याला सगळे घटक ओळीने वाचावे लागतात, आणि संक्रांतीच्या आठवड्यात प्रत्येक भेटीला सावध राहावं लागतं. जांभळी नाक्यावरच्या सुट्या फरसाणाला तर पाकीटच नसतं. शेव, चिवडा, तळलेले दाणे एकाच कढईतून निघतात, म्हणून शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला बाहेरची मिसळ मी देऊ देत नाही. ठाण्यात राहून हे सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगते.

पायरी ६ : काढलं त्याच्या जागी काय

दूध बंद झालं की कॅल्शियम जातं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, १०० मिलिलिटर गाईच्या दुधात १२० च्या आसपास. प्रौढाला दिवसाला १००० लागतं. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, राजगिऱ्याची पालेभाजी, काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे यांनी बरंच भागतं, पण वाढत्या मुलाचं पूर्ण भागेलच असं नाही. त्याचा हिशेब तज्ज्ञांकडून करून घ्या. मुलाचं वजन-उंची दर तीन महिन्यांनी लिहा. रेषा सपाट झाली तर वाट बघू नका.

पायरी ७ : घरात बाळ असेल तर

‘घरात ॲलर्जी आहे, बाळाला अंडी दोन आणि दाणे तीन वर्षांपर्यंत नको’ हा सल्ला आता जुना झाला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तो २००० साली दिला होता आणि २००८ साली मागे घेतला. लंडनच्या गिडिऑन लॅक यांच्या गटाला दिसलं होतं की इस्रायलमध्ये बाळं दाण्याचा खाऊ लवकर खातात, आणि तिथल्या मुलांपेक्षा ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये दाण्याची ॲलर्जी सुमारे दहापट आहे. मग त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. अर्ध्यांना दाण्याचे पदार्थ नियमित दिले, अर्ध्यांना पाच वर्षांची होईपर्यंत दिले नाहीत. निकाल २०१५ साली आला. सुरुवातीला त्वचाचाचणी निगेटिव्ह असलेल्यांत, टाळणाऱ्या गटात १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्या गटात १.९ टक्के.

म्हणून सहाव्या महिन्यात उष्टावण झालं की पहिल्या काही महिन्यांत मऊ लापशीत किंवा खिमटीत अगदी बारीक कूट, नीट शिजवलेलं अंडं, दही येऊ द्या. अख्खा दाणा कधीही नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. नवा पदार्थ सकाळी द्या, एका वेळी एकच. बाळाला तीव्र इसब असेल किंवा आधीच एखादी ॲलर्जी झाली असेल तर दाणे देण्याआधी डॉक्टरांना विचारा. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

पायरी ८ : शाळा, हळदीकुंकू, आणि दरवर्षीची फेरतपासणी

शाळेला एका पानाचं पत्र द्या: मुलाचा फोटो, कशाची ॲलर्जी, लक्षणं, काय करायचं, कोणाला फोन. वर्गशिक्षिका, डब्याच्या वेळच्या मावशी आणि बसमधल्या ताई, तिघींना स्वतः भेटून सांगा. मुलाला चौथ्या वर्षापासूनच एक वाक्य पाठ करून घ्या: ‘आईला विचारल्याशिवाय मी खात नाही.’ गणपतीच्या दिवसांत दहा घरचा प्रसाद हातात येतो. खिशात घरचा लाडू ठेवा, प्रसाद नमस्कार करून घरी आणा आणि वाटून टाका. मोठ्यांना समजावताना ‘ॲलर्जी’ शब्दाने काम होत नाही. ‘डॉक्टरांनी सांगितलंय, हिचा श्वास बंद होतो’ म्हटलं की आजी स्वतःच पहारा देते.

दूध, अंडं, गहू यांच्या ॲलर्जी बहुतेक मुलांमध्ये वयाबरोबर जातात. शेंगदाण्याची पाचांपैकी साधारण एकाचीच जाते. सुकामेवा, मासे, कोळंबी यांच्या बहुधा राहतात. म्हणून वाढदिवसाच्या महिन्यात दरवर्षी ॲलर्जीतज्ज्ञांची वेळ घ्या. काही मुलांना दूध आणि अंडं केकमध्ये नीट भाजलेलं चालतं, पण ते ठरवायचं रुग्णालयात. रोज थोडा थोडा दाणा देऊन शरीराला सवय लावण्याचे उपचार आहेत, २०२४ साली अमेरिकेत ओमालिझुमॅब या इंजेक्शनलाही अन्नाच्या ॲलर्जीसाठी मान्यता मिळाली. त्यातलं काहीही व्हिडिओ बघून घरी करायचं नाही.

जाताना फाइलमध्ये एवढं न्या: वही, फोटो, पाकिटांचे फोटो, वजन-उंचीचा तक्ता, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात दोन याद्या. काय खाल्लं की त्रास होतो, आणि काय मूल आजही आनंदाने खातं. दुसरी यादी डॉक्टरांना आधी दाखवा.